वीणा, पण ती नव्हे

देवाप्पा अण्णांना नाही म्हणता येत नाही, हे मला त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलो त्याच दिवशी कळलं. खोली बघून झाली होती, बोलणं झालं होतं, मी आपला सहज म्हणालो, "अण्णा, पंखा जरा हळू फिरतोय की." तर त्यांनी खाली जाऊन स्वतःच्या खोलीतला पंखा उतरवला आणि माझ्या खोलीत लावला. मे महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वा अक्का, म्हणजे त्यांची बायको, वर्तमानपत्राने वारा घेत मला चहा द्यायला आल्या आणि अशा बघत राहिल्या की जणू तो पंखा मी रात्री चोरून नेला होता.

आमचं लेआउट, म्हणजे वसाहत, होंगेकेरे तळ्याच्या काठावर आहे. व्हाइटफील्डच्या पुढे आणि होसकोट्याच्या अलीकडे. कन्नडात केरे म्हणजे तळं. मराठीत केर म्हणजे जे, तेही त्यात भरपूर आहे. मी गडहिंग्लजचा, अण्णा निपाणीजवळच्या एका खेड्यातले, त्यामुळे घर बघायला आलो तेव्हा पाच मिनिटांत आमचे तीन पाहुणे कॉमन निघाले आणि मी भाडेकरू होतो तो एकदम पुतण्या झालो. त्याचे फायदे आहेत. तोटा एवढाच की घरमालकावर चिडता येतं, पण पुतण्याला काकावर चिडून कुठे जाता येत नाही.

आणि अण्णा चिडायला लावतात. त्यांचा पुढचा हॉल बघा. अख्ख्या लेआउटची पार्सलं तिथे येतात. "अण्णा, जरा घेऊन ठेवा ना," असं कुणीतरी एकदा म्हणालं होतं, त्यानंतर कुणी म्हणायचीही तसदी घेतली नाही. खिळ्यावर लोकांच्या घरांच्या चाव्या. कोपऱ्यात लोकांची झाडं. अमेरिकेला गेलेल्या एका कुटुंबाची ट्रेडमिल सोफ्याच्या जागी उभी आहे आणि अक्का तिच्यावर पापड वाळवतात. नोकरीही तशीच. होसकोट्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू जपून ठेवायच्या आणि मागितल्या की द्यायच्या.

सुरुवात म्हणे लहानपणीच झाली. वडील गावच्या भजनी मंडळात पुढे उभे राहून म्हणायचे. आवाज असा की शिवाराच्या पलीकडे जायचा. अण्णा मागच्या ओळीत टाळ घेऊन. वडील गेले तेव्हा पुढची जागा कुणाची हा प्रश्न आला. थोरला भाऊ म्हणाला, "देवा, तू टाळ धर जरा, आज मी म्हणतो." तो 'आज' अजून चालू आहे. भाऊ तिकडे म्हणतोय आणि अण्णा टाळ सोडून मामाच्या मागे बंगळूरला आले. पण वडिलांचा एक अभंग त्यांनी जपून आणला. तो ते रोज सकाळी न्हाणीघरात म्हणतात. बादली भरत आली की दुसरं कडवं येतं, त्यावरून अक्का नळ बंद करायला सांगतात. चारचौघांत पुढे उभं राहून तो एकदा म्हणायचा, एवढी एकच गोष्ट या माणसाला स्वतःसाठी हवी आहे. मला तरी दुसरी कुठली सापडली नाही.

ती मिळायची जागा म्हणजे आमचा ग्रीष्म सप्ताह.

हा सप्ताह रत्नाकर खासनीस साहेबांचा. साहेब मूळ पुण्याचे, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. मे महिन्यात मुलांना सुट्ट्या असतात, म्हणून तळ्याकाठच्या मैदानात आठवडाभर 'कला, संगीत आणि उपासना'. बॅनरवर तिन्ही शब्द एकाच मापाचे आहेत, साहेबांनी पट्टी लावून बघितले होते. सकाळी भजन, मग मुलांना मातीकाम आणि चित्रकला, दुपारी लेझीम, संध्याकाळी गाणी. मैदानाच्या एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला विठोबाचा मंडप. मातीकाम अश्लेषा घेते, जी इतर वेळी एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासते. साउंड सिस्टीम माझ्याकडे, कारण मी एकदा प्लग नीट लावला होता.

आणि सप्ताह म्हटला की वीणा आली. आपल्याकडची, गळ्यात अडकवून उभ्याने धरायची, एका बोटाने तार छेडत राहायची. तिच्यावर राग वाजत नाहीत. ती फक्त सूर धरून ठेवते. नियम एकच, पण कडक. सप्ताह बसला की उठेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि मगच पहिल्याने मोकळं व्हायचं. घेणारा आला नाही तर देणारा तिथेच. लेआउटच्या नियमांमुळे आमच्याकडे रात्री कार्यक्रम करता येत नाही, तेव्हा साहेबांनी तोडगा काढला की सूर्य मावळला की वीणा विठोबाच्या हातात अडकवून ठेवायची. रात्रीचा पहारा खुद्द देवाचा. सातही दिवस आपली पाळी न चुकवणारा तो एकटाच निघाला.

या वर्षी अण्णांचं नाव समारोपाला होतं. पहिल्या वर्षी वेळ संपला होता. नंतर एकदा त्यांना ऐन वेळी पाण्याचे कॅन आणायला पाठवलं. गेल्या वर्षी ते वीणा धरून उभे होते आणि घेणारा आलाच नाही. पण हा महिना संपला की अण्णा रिटायर. खालचं घरही भाड्याने देऊन नवरा-बायको गावी जाणार, आणि गावात पुढच्या जागेवर थोरला भाऊ उभा आहेच. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. खासनीस साहेबांनाही हे माहीत होतं. त्यांनी शब्द दिला, "अण्णा, यंदा ग्रँड फिनाले तुमचा."

"सरी," अण्णा म्हणाले. कन्नडातलं हे 'बरं' त्यांच्या तोंडात सुपारीसारखं कायम असतं.

पहिल्या दिवशी सकाळी वीणा अण्णांनीच उचलली, कारण सुरुवात कुणीतरी करायची होती. तासाभराने अजिंक्य येणार होता. हा आमचा शेजारी, मोठ्या कंपनीत काहीतरी मॅनेज करतो, नक्की काय ते त्यालाही सांगता येत नाही. तो आला, गळ्यात वीणा घातली, फोटो काढून घेतला, आणि खिशातला फोन वाजला.

"अण्णा, स्वल्प धरता? एक क्विक कॉल आहे."

"सरी."

स्वल्प म्हणजे थोडंसं. बंगळूरला आलेला मराठी माणूस पहिला शब्द हाच शिकतो, कारण रिक्षावाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांशी 'स्वल्प अ‍ॅडजस्ट' करावं लागतं. अजिंक्यचा स्वल्प दुपारच्या जेवणापर्यंत चालला. दुपारचे गृहस्थ म्हणाले गुडघा दुखतोय. त्यानंतरच्या बाईंच्या मुलीचा डान्स क्लास निघाला. मी ऑफिसातून लवकर सुटून आलो तेव्हा अण्णा तिथेच उभे, बोट तारेवर, तोंडाने नामस्मरण, आणि कपाळावरचा बुक्का घामाने वाहून नाकाच्या शेंड्याशी आलेला.

"अण्णा, सकाळपासून?"

"न्हाई न्हाई. मधे पाणी पिलो की."

"वीणा कुणाकडे दिलीसा मग?"

"अश्लेषानं पाजलं. एका हातानं."

अश्लेषा बाजूला मुलांच्या हातून मातीचे हत्ती करून घेत होती. ती म्हणाली, "मी घेते म्हटलं होतं, पण माझे हात पूर्ण क्ले झालेले. आणि खरं सांगू का, ते देतच नाहीत. पुढचा येईल, पुढचा येईल म्हणतात. आय मीन, कोण येईल?"

मी वीणा घेतली. पाया पडायचा कार्यक्रम झाला. अण्णा मोकळे झाले आणि घरी जाऊन पाय वर करून बसायचं सोडून मैदानातल्या खुर्च्या सरळ करायला लागले. मला ती वीणा तिथल्या तिथे तळ्यात टाकावीशी वाटली.

पुढचे दिवस असेच. मी ऑफिसला नसतो तेव्हा मी, नाहीतर अण्णा. त्यांनी उरलेली सगळी रजा काढली होती, ती समारोपाची तयारी करायला. तयारी अशी चालली होती की दिवसभर उन्हात उभं राहून नाम घ्यायचं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आवाज फाटलेल्या पोत्यासारखा. गंगव्वा अक्का डबा घेऊन यायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने घास भरवायच्या.

"खा. हात मोकळा न्हाई तुमचा. लोकांचे हायत."

"गप गं, देवाचं काम हाय."

"देवाचं हाय न्हवं? मग देवाच्या गळ्यात घाला. त्यो बी उभाच हाय, काम न्हाई धाम न्हाई."

बुधवारी दुपारी एक बाई आल्या. रेशमी साडी, केसात मोगरा, हातात छत्री आणि पाण्याची बाटली. पार जुन्या शहरातल्या बसवनगुडीहून मेट्रोने व्हाइटफील्डपर्यंत आणि पुढे रिक्षाने. नाव भाग्यलक्ष्मी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी मंडपासमोर एक खुर्ची ओढली, पदर सावरला, मांडीवर ताल धरायला हात ठेवला आणि अण्णांकडे बघत बसल्या. अण्णा तार छेडत होते. बाई बसून राहिल्या. बराच वेळ गेल्यावर त्यांनी अदबीने विचारलं, "यावाग शुरु माडतीरी?" म्हणजे, सुरू कधी करणार?

"शुरु आगिदे, अम्मा," अण्णा म्हणाले. सुरू झालंय की.

बाईंनी पुन्हा ऐकलं. एकच सूर. मग माझ्याकडे वळून त्यांनी फोन पुढे केला. फोनवर खासनीस साहेबांनी केलेलं इंग्रजी पोस्टर. साहेबांनी सगळी कामं वाटून त्यात लिहिली होती: क्लेला अश्लेषा, साउंडला अभिराज, म्हणजे मी, आणि ठळक अक्षरात, वीणा, श्री देवाप्पा चौगुले, सातही दिवस. सगळ्यात खाली सोनेरी पट्टीत, ग्रँड फिनाले, श्री देवाप्पा चौगुले.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. बसवनगुडीत वीणा म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायची, दोन भोपळ्यांची, पडद्यांची. सात दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीणा वाजवणारा माणूस म्हणजे त्यांच्या हिशेबात फार मोठा विद्वान, नाहीतर संन्यासी. साहेबांच्या डोक्यात हे आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात जे आहे तेच जगाच्या डोक्यात आहे असं ते धरून चालतात.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच बाई स्वतःचा निष्कर्ष काढून मोकळ्या झाल्या. "समजलं. हे व्रत आहे. श्रुती धरायची. खरं वादन शेवटच्या दिवशी, हो ना?" आणि अण्णांकडे वळून, "आम्ही सगळ्या येतो. आमचा संगीताचा ग्रुप आहे. तुम्ही ऐकवणार ना?"

मी अण्णांकडे मान हलवून खुणा केल्या. नाही म्हणा. अण्णा, एकदा, आयुष्यात एकदा.

"सरी, अम्मा," अण्णा म्हणाले.

बाई गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. "अण्णा, त्यांना काय वाजवून दाखवणार आहात? ही तार?"

"त्या लांबनं आल्त्या की रे."

"म्हणून?"

"एवढ्या लांबनं आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं?"

याला उत्तर आहे, पण ते गडहिंग्लजच्या भाषेत आहे आणि समोर विठोबा होता.

शनिवारी सकाळी बाईंचा निरोप खासनीस साहेबांच्या फोनवर आला. पुढच्या दोन ओळी राखून ठेवाव्यात, आम्ही गाड्या करून येतोय, विद्वानांना शालही आणतोय. साहेब तसेच चालत मंडपात आले. त्यांच्या मागोमाग सुलभाकाकू, त्यांच्या पत्नी, बीपीची गोळी आणि पाणी घेऊन.

"अहो अण्णा, तुम्ही त्यांना हो कसं म्हणालात?"

"तुमच्या पोस्टरवरच लिहिलंय ना," मी म्हणालो.

"अभिराज, तू केबल बघ." साहेबांनी गोळी गिळली. "आता एकच मार्ग आहे. उद्या अण्णांचं नाव पुकारायचंच नाही. शेवटी आमचा अद्वैत कीबोर्ड वाजवेल. अण्णा मागे मंडपात वीणा घेऊन उभे राहतील, नेहमीसारखे. कोणी विचारलंच तर विद्वानांची तब्येत बरी नाही."

अद्वैत म्हणजे साहेबांचा नातू. त्याला एकच गाणं येतं आणि ते वाढदिवसाचं आहे.

"अहो, पण अण्णांचा अभंग?" सुलभाकाकू हळूच म्हणाल्या.

"अगं, शास्त्रीय ऐकायला आलेल्या लोकांपुढे... अण्णा, तुम्ही समजून घ्या. आवाजही बसलाय तुमचा. मंडळाची शोभा नको व्हायला."

 अण्णांचं तारेवरचं बोट थांबलं. सहा दिवसांत ते थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग ते पुन्हा सुरू झालं आणि अण्णा म्हणाले, "सरी."

घरी ही बातमी मीच सांगितली. अक्का ट्रेडमिलवरचे पापड गोळा करत होत्या.

"तब्येत बरी न्हाई म्हणं! सात दिस उन्हात उभा केल्यावर कशी असंल बरी?" मग पापडांवरच ओरडल्या, "आन ह्यो माणूस! भावानं जागा घेटली, सरी. लोकांनी घर भरलं, सरी. उद्या यम आला आन म्हणाला स्वल्प वर चला, तर ह्यो चप्पल बी न घालता जाईल." अण्णा न्हाणीघरात होते. नळ चालू होता, गाणं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मैदान भरलं. बसवनगुडीच्या मंडळींनी पुढच्या दोन ओळी भरल्या, सगळ्या रेशमी, मध्ये तीन-चार वृद्ध गृहस्थ शुभ्र पंच्यांत. त्यांच्या मागे आमचे लोक हाफ पँटीत. मुलांचे मातीचे हत्ती मांडून झाले, त्यातले निम्मे डुकरं वाटत होते, पालकांनी तरी फोटो काढले. लेझीम झालं. अद्वैतने वाढदिवसाचं गाणं दोनदा वाजवलं. साहेब माईकवर आले आणि आभार मानायला लागले.

भाग्यलक्ष्मीबाई उठून उभ्या राहिल्या. शिक्षिकेचा आवाज, माईकची गरज नाही.

"वीणे एल्ली?"

वीणा कुठाय? साहेब म्हणाले की विद्वानांची तब्येत जरा... बाईंनी मागे वळून बघितलं. मैदानाच्या त्या टोकाला मंडपात विद्वान ठणठणीत उभे होते आणि त्यांना नमस्कार करत होते. वाक्य अर्धं टाकून साहेबांनी माईक हातानं झाकला आणि माझ्या कानात म्हणाले, "बोलाव त्यांना. पाच मिनिटांत एक अभंग म्हणू दे आणि संपवू."

मी मैदान ओलांडून पळालो. "अण्णा, चला! बोलावलंय. म्हणा तुमचा अभंग."

अण्णांचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. पाऊल उचललं आणि थांबले. "वीणा कोण घेनार?"

पाळी अजिंक्यची होती. तो कुंपणापाशी फोनवर होता, त्याने एक बोट वर केलं. मी पुढे झालो, तर स्टेजवरून स्पीकर शिट्टी मारायला लागला आणि साहेब ओरडले, "अभिराज, साउंड! इकडे!" अश्लेषा कपाटाएवढं चित्र धरून उभी. साहेब स्वतःच तरातरा मंडपात आले. "अण्णा, लोक वाट बघतायत. ठेवा ती तिथे खुर्चीवर. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेबांनाही तसंच वाटलं असावं.

"काय?"

"न्हाई ठेवनार. सप्ता उठला न्हाई अजून, दिस बी मावळला न्हाई." आवाज बसलेला होता, पण शब्द स्पष्ट. "मी हितनंच म्हणतो."

"अहो, इथून कसं? स्टेज तिकडे आहे. माईक तिकडे आहे. लोकांची तोंडं तिकडे आहेत!"

"मग तोंडं फिरवा म्हणावं."

मी माईक घेऊन धावलो. केबल मैदानाच्या मध्यावर संपली. मी ओढली, ती ताणली, आणि माझ्या सात दिवसांच्या साउंड सिस्टीमचा प्लग निघून सगळं शांत झालं. मैदानात एकदम तळ्यावरच्या बगळ्यांचे आवाज ऐकू यायला लागले. त्या शांततेत भाग्यलक्ष्मीबाईंनी स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलली, मैदान चालून गेल्या आणि मंडपासमोर मांडून बसल्या. त्यांच्या मागे रेशमी साड्या, मग पंचे, मग आमचे लोक. दोन-तीन मिनिटं नुसती खुर्च्यांची खरखर. ती थांबली तेव्हा साहेबांचं स्टेज सगळ्यांच्या पाठीमागे गेलं होतं.

अण्णांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

फार सुंदर झालं असं मी लिहिणार नाही. पहिली ओळ निम्मी नाकातून आली. वरच्या सुरावर आवाज गेला तो परतलाच नाही, अण्णा नुसते ओठ हलवत राहिले. पण चाल गावाकडची होती, लांब ओढ देऊन मध्येच टाच रोवल्यासारखी थांबणारी, आणि ती थांबली की समोरचे पंचेवाले आपोआप मान हलवायचे. दुसऱ्या कडव्याला अण्णा अडकले. ओठ उघडे, शब्द नाहीत.  बायकांच्या बाजूने गंगव्वा अक्कांनी, मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तशा तिखट आवाजात, पुढची ओळ सांगितली. अण्णांनी डोळे न उघडता ती उचलली आणि शेवटापर्यंत नेली.

टाळ्या पडल्या. भाग्यलक्ष्मीबाई उठून मंडपात गेल्या. आता शाल घालणार की भांडणार, मला अंदाज येईना. त्यांनी वीणेकडे नीट बघितलं.

"इदु वीणे अल्ला," त्या म्हणाल्या. ही वीणा नव्हे.

"इदे वीणे, अम्मा," अण्णा म्हणाले. हीच वीणा.

संध्याकाळभरात अण्णांचं हे दुसरं 'नाही' होतं. बाईंनी अण्णांच्या गळ्यातली वीणा गळ्यातच ठेवून तिची खुंटी पिळली, तार वाजवली, पुन्हा पिळली. "पहिल्या दिवसापासून उतरलेली आहे बहुतेक. बुधवारी पण अशीच होती. मला वाटलं विद्वानांचा काही हेतू असेल." शाल त्यांनी घातली आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. "आता म्हणा."

आता काय म्हणा, अभंग तर झाला. पण अण्णांनी एकदा तार छेडून बघितली, अजून एकदा छेडली, आणि दुसरा अभंग काढला. हा मी न्हाणीघरातून कधी ऐकला नव्हता. म्हणजे होता माणसाकडे, आणि सगळ्यांना एकच आहे असं वाटत होतं.

तो संपताना साहेब पुढे आले. खरं तर मनापासून आले. बाह्या सरसावलेल्या, चष्मा खिशात, वाकून पाया पडले. "द्या अण्णा, घेतो मी. तुम्ही दमलात. जेवण पण गार होतंय."

"उभारा जरा, साहेब," अण्णा म्हणाले, "अजून एक हाय."

साहेब उभे राहिले, हात पुढे केलेले तसेच. सुलभाकाकूंनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. मी प्लग शोधून लावला, माईक आणला आणि अण्णांच्या तोंडाशी धरला, तर त्यांनी तो मानेनेच बाजूला सारला. तिसरा सुरू झाला तेव्हा केटररने मसालेभाताची झाकणं पुन्हा लावली आणि गंगव्वा अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आता ह्यो काय थांबत न्हाई," आणि पुढची ओळ ते विसरायच्या आतच सांगून मोकळ्या झाल्या.